एकादशीची गोळी

प्रिय तारा आणि निखिल,

हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही ते फोनवर वरवर वाचून अंगठ्याने पुढे सरकवलं असतं. मराठी तुम्हाला आई वाचून दाखवेल. तिला हे मोठ्याने वाचावं लागेल, हे मला ठाऊक आहे. वैदेही, एकही वाक्य गाळू नकोस.

आत्ताच का लिहिते, तेही सांगते. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तारा म्हणाली, "आजी, बरं झालं तू मामाकडे राहतेस. तिथे तुला कोणी चुकीची औषधं देत नाही." तारा, तुझा दोष नाही. तू ऐकलंस तेच बोललीस. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुमच्याकडे मेलबर्नला माझ्या आजाराची जी गोष्ट सांगितली जाते, तिच्यात अक्काने मला मरणाच्या दारात नेलं, प्रसन्नमामाने परत आणलं आणि हॉस्पिटलने दुरुस्त केलं. यातलं शेवटचं तेवढं खरं आहे.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती बंगळूरला चामराजपेटच्या घरी माहेरी परत आली, ती कायमची. सगळं घर तिला अक्काच म्हणायचं, मीही. मी कॉलेजात मुलींना इंग्रजी शिकवायला जायचे आणि तुमच्या आईला, मामाला अक्का भरवायची. आजोबा गेल्यावर त्या घरात आम्ही दोघीच उरलो. भांडत, कॉफी पीत, बरं चाललं होतं.

चिकपेटचा जिना

नात्यातल्या एका लग्नासाठी साडी घ्यायला आम्ही चिकपेटला गेलो होतो. दुकान वरच्या मजल्यावर. अर्धा जिना चढले आणि छातीत कोणी पिशवीतल्या गोट्या हलवाव्यात तसं सुरू झालं. दुखत नव्हतं. पण पुढची पायरी चढायला श्वास पुरेना. दुकानदाराने स्टूल दिलं, पाणी दिलं आणि तेवढ्यात एक साडीही उलगडून दाखवली.

अक्का वरून म्हणाली, "सुमे, रंग आवडला नाही तर तसं सांग. असं नाटक नको."

मग तिने माझं मनगट धरलं. धरल्यावर तिचं बोलणं थांबलं. अक्काचं बोलणं थांबलं तेव्हा मी घाबरले.

रिक्षाने जवळच्या क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या मुलीएवढ्या डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून कागद काढला आणि सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे एका लयीत आवळायचं सोडून नुसते थरथरतात. त्याने लगेच कोणी मरत नाही, पण रक्त आत साचून गाठ होऊ शकते, आणि ती गाठ मेंदूत गेली तर अर्धांगवायू.

मरणाची भीती मला तेवढी वाटली नाही. वाचा जाईल याची वाटली. जन्मभर मी शब्दांवर पोट भरलं. तोंड वाकडं होऊन, शब्द हरवून, लोकांनी माझ्याकडे पाहून मान हलवावी, या कल्पनेने मी रिक्षात रडले. अक्काने पदराने माझा चेहरा पुसला आणि रिक्षावाल्याला कन्नडमध्ये दम दिला, "स्वल्प हळू चालव रे, आत माणूस आहे, बटाट्याचं पोतं नाही."

जेवणानंतर

औषधं सुरू झाली. लय सुधारायची एक आणि रक्त पातळ ठेवायची एक. ही दुसरी गोळी जेवणानंतरच घ्यायची, रिकाम्या पोटी नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. रोज रात्री माझं जेवण झालं की अक्का पाण्याचं भांडं आणि गोळी घेऊन समोर उभी राहायची. मी गिळली की "सरी" म्हणायची, म्हणजे कन्नडमध्ये ठीक, आणि दिवा मालवायला जायची. शाळेतल्या मुलीसारखी मी तोंड उघडून दाखवायचे. आम्ही दोघी हसायचो.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

आमच्याकडे एकादशी कडक. अक्का त्या दिवशी पाणीसुद्धा घेत नाही. मी नोकरीत असताना हे काही करत नव्हते. रिटायर झाल्यावर तिच्याबरोबर धरू लागले. श्रद्धेपेक्षा सोबत म्हणून. एक जण उपाशी आणि दुसरी समोर बसून भात कालवते, हे मला जमेना. मी पाणी प्यायचे, बाकी काही नाही. स्वयंपाकघर त्या दिवशी बंद.

गोळी सुरू झाल्यानंतर पहिली एकादशी आली तेव्हा आम्ही दोघींनी विचार केला. अक्का म्हणाली, "जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर. जेवणच नाही तर गोळी कुठली? रिकाम्या पोटी दिली आणि पोटात रक्त झालं तर?"

मला ते बिनचूक वाटलं. मी एम. ए. आहे, व्याकरण शिकवलेलं आहे, आणि त्या वाक्यातून दुसरा अर्थ मलाही काढता आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही अक्षरशः पाळलं. पंधरवड्यातून एक रात्र गोळी नाही. विचारावं असं दोघींनाही वाटलं नाही, कारण शंकाच नव्हती. डॉक्टरांनी उपासाचं विचारलं नाही, कारण त्यांना ते सुचलं नसेल. चुका अशाच होतात. त्यात खलनायक कोणी नसतो.

तुमच्यापैकी कोणाला, किंवा तुमच्या ओळखीत कोणाला ही गोळी लागली, तर पहिल्याच दिवशी विचारा की उपासाच्या दिवशी काय करायचं. एवढं एक व्यावहारिक वाक्य या पत्रातून घ्या.

घशातली नळी

औषधांनी लय टिकेना. भांडं विसळलं तरी मी दमायचे. मग मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी अ‍ॅब्लेशन सुचवलं. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात आणि जिथून वेडेवाकडे ठोके सुटतात तिथली जागा डागतात. प्रत्येक डॉक्टर मला हे समजावताना घरातल्या वायरिंगचं उदाहरण द्यायचा. मी म्हातारी आहे म्हणजे मला हृदय कळणार नाही पण फ्यूज कळेल, असा त्यांचा हिशेब असावा.

डागण्याआधी आत गाठ नाही ना, हे पाहतात. त्यासाठी घशात कडू फवारा मारला, गुंगी दिली आणि नळी उतरवली. जागी झाले तर मला आत न नेता खोलीत परत आणलेलं. डाव्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात गाठ दिसली होती. असं असताना तार घातली तर तीच गाठ सुटेल. अ‍ॅब्लेशन पुढे ढकललं.

खोलीत मी, अक्का आणि प्रसन्न. डॉक्टरांनी विचारलं, "अम्मा, गोळी कधी चुकली का?"

माझा घसा बधिर होता. मी शब्द जुळवते तोवर अक्का सरळ म्हणाली, "चुकली नाही. एकादशीला देत नव्हतो. त्या दिवशी जेवण कुठे असतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत. म्हणाले, माझी आईही अशीच आहे. मग जे म्हणाले ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण ते मेलबर्नला पोचलेलं नाही. ते म्हणाले, "गाठ यामुळेच झाली असं मी सांगू शकत नाही. रोज गोळी घेणाऱ्यांतही ती कधी सापडते. काही आठवडे नीट औषध घ्या, पुन्हा पाहू. पण आता एकही दिवस सोडायचा नाही."

प्रसन्नने यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. गाडीत सिग्नलला थांबला की स्टिअरिंगवर बोटं आपटायचा.

दहीभात

घरी आल्यावर अक्काने पुन्हा आंघोळ केली आणि बराच वेळ देवापुढे बसली. मग माझ्या खाटेपाशी आली.

"सुमे, आता एकादशीला तू जेवायचंस. दहीभात. फराळाचं नाही, पोटभर अन्न. वर गोळी."

"अक्का, एकादशीला भात म्हणजे पाप, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"ते मी घेतलं. देवाला सांगून आले. तुझ्या भाताचं पाप माझ्या नावावर."

"असं दुसऱ्याच्या नावावर चढतं होय?"

"तुझं इंग्रजीचं तू बघ. हे मला कळतं."

पुढच्या एकादशीला तिने, स्वतःच्या घशात पाण्याचा थेंब नसताना, बंद स्वयंपाकघर उघडून मऊ भात केला. जन्मात पहिल्यांदा. दही घातलं, वरून मिरचीची फोडणी दिली. मी जेवताना ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, "छान झालाय." ती म्हणाली, "गप्प जेव. चव सांगू नकोस, मलाही भूक आहे."

मग गोळी. मग "सरी."

म्हणजे चूक कळली त्याच दिवशी अक्काने ती दुरुस्त केली होती. त्यासाठी तिने जे दिलं ते तिच्या लेखी लहान नव्हतं. जी बाई तापातही एकादशी मोडत नाही, तिने दुसऱ्याची मोडलेली एकादशी स्वतःच्या अंगावर घेतली. इथे गोष्ट संपायला हवी होती.

धारवाड

ती संपली नाही, कारण तुमच्या आईने आणि मामाने व्हिडिओवर मीटिंग घेतली. मी त्याच खोलीत होते. माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं, माझ्याशी नाही.

"अक्काचं वय झालंय. इट्स अ रिस्क," प्रसन्न म्हणाला.

"आईला आता प्रोफेशनल केअर हवी," मेलबर्नहून वैदेही म्हणाली.

रश्मी, तुमची मामी, पुण्याची. तिच्याशी माझं कधी फारसं जमलं नाही. पण ती एकटीच म्हणाली, "अहो, त्या दोघींना तरी विचारा ना एकदा." मी ते विसरलेले नाही.

ठरलं असं की ऑपरेशन होईपर्यंत अक्काने धारवाडला तिच्या दिराच्या मुलाकडे राहावं आणि मी प्रसन्नकडे, सर्जापूर रोडला. "फक्त होईपर्यंत," असं प्रसन्न परत परत म्हणत होता. मी दमलेली होते आणि घाबरलेली होते. त्या दिवसांत मी सगळ्याला मान हलवत असे.

अक्काने देवांची पेटी, तांब्याचं फुलपात्र आणि दोन लुगडी घेतली. दारात प्रसन्नला म्हणाली, "तुला गोवर आला होता तेव्हा तुझी आई परीक्षेच्या ड्यूटीवर होती. तेव्हा कुणाची प्रोफेशनल केअर होती रे?"

"अक्का, ते वेगळं होतं."

"हो, वेगळं होतं. तेव्हा मी लागत होते."

त्याने गाडीचं दार उघडलं. मग, हे मला मागाहून कळलं, धारवाडपर्यंतच्या त्या लांब रस्त्यावर त्याने तिला समजावून सांगितलं की तिच्यामुळे माझ्या हृदयात गाठ झाली. शांतपणे सांगितलं असेल. तो कधी आवाज चढवत नाही. डॉक्टरांचं पहिलं वाक्य त्याने सांगितलं नाही.

टेबलावर

पुन्हा नळी, पुन्हा कडू फवारा. या वेळी गाठ नव्हती.

हॉस्पिटलात माणसाचा आधी नंबर होतो, मग खाट होते, मग "पेशंट आई" होते. मनगटावर पट्टा. जांघेचे केस काढायला आलेली नर्स माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. संमतीचा कागद घेऊन आलेल्या मुलाने पेन प्रसन्नपुढे धरलं. मी ते मधेच घेतलं, चष्मा लावला आणि कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मुलगा घड्याळाकडे बघत होता. एका ठिकाणी क्रियापद चुकलं होतं. ते मी दुरुस्त केलं आणि मग सही केली. त्या दिवशी माझ्या हातात तेवढंच होतं.

आत फार थंडी. पाठीवर आणि छातीवर गार चिकट पट्ट्या लावल्या. इतके स्क्रीन, की विमानतळ वाटावं. कोणीतरी कन्नडमध्ये दुपारच्या जेवणाला काय मागवायचं ते विचारत होतं. त्याचा मला राग आला नाही. ज्यांना जेवणाची घाई आहे ते लोक घाबरलेले नसतात. मग भूल.

जागी झाले तेव्हा जांघेवर जड काहीतरी दाबून ठेवलेलं आणि पाय हलवायचा नाही अशी ताकीद. छातीत जळजळ. पहिला विचार वाचेचा. मी मनात परीक्षा घेतली. गो, वेंट, गॉन. सी, सॉ, सीन. सगळी क्रियापदं जागेवर होती. मग आवाज फुटतो का पाहायला एकच शब्द मोठ्याने म्हटला, "अक्का."

कोपऱ्यातून आया धावत आली. "बंदे अम्मा, आले आले." इथे कोणाही बाईला अक्का म्हणतात, तिला वाटलं मी तिलाच हाक मारली. तिने ओठ ओले केले, केस मागे सारले. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. तिचा हात खरबरीत होता आणि मला तो सोडायचा नव्हता.

सरळ पडून राहणं हे सगळ्यात कठीण. कंबर फुटते. लघवीसाठी भांडं मागायला लागतं आणि ते आणणारी येईपर्यंत लाज संपलेली असते. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. वेदना सोसता येतात. वाट बघत पडणं सोसायला वेगळी शक्ती लागते.

सर्जापूर रोड

मी बरी झाले. हे स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर माझ्या कडवटपणामुळे कोणी अ‍ॅब्लेशनला घाबरेल. पहिल्या काही आठवड्यांत दोनदा गोट्या हलल्या. मी भिंत धरून बसले. डॉक्टर म्हणाले, डागलेली जागा भरून येईपर्यंत असं होतं. मग थांबलं. आता मी न थांबता एक जिना चढते. गोळी चालूच आहे, चालूच राहील.

प्रसन्नने माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधलं आहे. माझे ठोके त्यातून त्याच्या फोनवर जातात आणि वैदेहीच्याही. माझ्या छातीतली बातमी माझ्याआधी मेलबर्नला पोचते. पण मी घरी कधी जाणार, हे विचारलं की दोघांचंही नेटवर्क जातं.

तपासणीच्या वेळी मी प्रसन्नसमोरच डॉक्टरांना विचारलं, "मी माझ्या घरी, नणंदेबरोबर राहू शकते का?"

"का नाही? गोळी घ्या आणि खुशाल राहा," ते म्हणाले.

लिफ्टमध्ये प्रसन्न म्हणाला, "आई, ते मेडिकल बोलतात. प्रॅक्टिकल नाही." आणि मग सांगितलं, की बंद घर खराब होतं म्हणून त्याने चामराजपेटचं घर इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या एका क्लासला भाड्याने दिलं आहे. मला विचारलं होतं म्हणे. मी मान हलवली होती म्हणे. हलवलीही असेन.

रश्मी त्या रात्री माझ्या खोलीत कॉफी घेऊन आली आणि जवळ बसली. ती अक्कासारखी कॉफी करत नाही. पण बसली.

मी धारवाडला फोन केला. म्हटलं, "अक्का, घर नसलं तर नसलं, दोन खोल्या बघते. तुम्ही या."

ती म्हणाली, "नको गे. माझा हात नको आता तुझ्या औषधाला."

मी डॉक्टरांचं पहिलं वाक्य तिला सांगितलं. ओरडून सांगितलं, तिला कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "तू चांगली आहेस म्हणून असं सांगतेस." मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "सरी, सरी." ती समजूत घालतानाची सरी होती. पटल्याची नव्हे.

माझ्या हृदयातली गाठ विरघळली. माझ्या शिकलेल्या, प्रेमळ, शांत आवाजाच्या मुलाने अक्काच्या मनात जी घातली, तिला गोळी नाही. प्रसन्न वाईट मुलगा नाही. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कोणीतरी दोषी लागतं. जिने त्याला भरवलं तीच सगळ्यात जवळ होती. मला हे समजतं. समजतं म्हणून मी माफ केलं असं नाही.

तारा, निखिल, तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातली गोष्ट बदला. आणि एकदा धारवाडला फोन करा. तिला तुमचं मराठी कळेल, तुटकं असलं तरी. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही सांगा. माझं तिला खरं वाटत नाही. लहान मुलं खोटं बोलत नाहीत, असं ती अजून मानते.

बाकी काय उरलं आहे ते लिहिते आणि थांबते. माझं हृदय लयीत चालतं. माझी वाचा शाबूत आहे. एकादशीला संध्याकाळी फोन येतो. अक्का विचारते, "जेवलीस?" मी म्हणते, "जेवले." ती म्हणते, "मग गोळी घे," आणि फोन ठेवते. तिच्या घशात त्या दिवशी पाणीही नसतं. माझ्या दहीभाताचं पाप तिने अजून परत केलेलं नाही.